घरचा छायाचित्रकार : ट्रायपॉडचे पाय आणि खारे पाणी

समुद्रकाठी गेल्यावर कॅमेऱ्याला जपणारे पुष्कळ असतात. भिंगावर एक तुषार उडाला की लगेच रुमाल पुढे येतो. परंतु ज्या तीन पायांवर तो कॅमेरा उभा राहतो, ते मात्र घोटाभर पाण्यात तसेच रोवले जातात आणि निघताना घाईने एकात एक सारून पिशवीत घातले जातात. ट्रायपॉडची खरी हानी होते ती या शेवटच्या क्रियेने. पाण्यात उभा राहिल्याने नव्हे, तर न धुता मिटल्याने.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळते, क्षार मागे राहतात, आणि हवेतील ओलावा शोषून पुनःपुन्हा पाझरू लागतात. त्यामुळे कपाटात ठेवलेल्या ट्रायपॉडच्या सांध्यांतही झीज चालूच राहते. अ‍ॅल्युमिनिअमवरील संरक्षक थराला बारीक छिद्रे पडतात, पांढरी भुकटी साचते आणि नळी नळीत अडकून बसते. कार्बन फायबरच्या पायांना ही भीती नाही, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी. कार्बनमधून वीज वाहते. त्याला लागून अ‍ॅल्युमिनिअमची कडी आणि मध्ये खारे पाणी, म्हणजे विजेच्या घटाचीच मांडणी झाली. तीत कार्बन शाबूत राहतो, कडी झिजते.

वाळूचा उपद्रव निराळा. तिच्यातील क्वार्ट्झचे कण अ‍ॅल्युमिनिअमहून कितीतरी कठीण असतात. असा एखादा कण आट्यांत शिरला की पाय पिळताना करकर ऐकू येते. झिजलेला आटा रिकाम्या ट्रायपॉडला धरून ठेवतो; वर जड कॅमेरा चढविला की पाय हळूच खाली सरकतो, आणि वर्षभर पैसे साठवून घेतलेला कॅमेरा खडकावर आपटतो.

एरवी पाय उघडताना वरचा जाड भाग आधी ओढावा, हे योग्यच आहे. पाण्यात मात्र उलट करावे. सर्वांत खालचा बारीक भाग प्रथम पूर्ण उघडावा, म्हणजे पहिला सांधा पाण्याच्या बराच वर राहतो. लाटेच्या वाटेत उभे राहणार असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. ओसरणारी लाट पायांखालची वाळू उपसून नेते. तेव्हा पाय आधीच दाबून खोल बसवावेत आणि कॅमेऱ्यावरचा हात काढू नये. पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधण्याची युक्ती मला तरी पटत नाही. पिशवी शिंपल्याने फाटते, आत शिरलेले पाणी तेथेच राहते, आणि सुटलेली पिशवी समुद्रात जाते. तळ बंद केलेल्या पी.व्ही.सी. नळ्यांत पाय उभे करणे त्याहून बरे. पण तेही संथ पाण्यातच, कारण पोकळ नळी तरंगू पाहते.

चिखलात प्रश्न रुतण्याचा असतो. ओडिशातील चांदीपूर येथे ओहोटीला समुद्र सुमारे ५ किलोमीटर मागे हटतो. अशा ओल्या तळावर किंवा कच्छच्या रणात, जेथे मिठाच्या पापुद्र्याखाली चिखल असतो, तेथे टोकदार पाय खचत जातो. प्रत्येक पायाखाली लाकडी फळीचा वीतभर तुकडा ठेवला तर भार पसरतो. चिखल लागलाच तर वाळण्यापूर्वी धुवावा. वाळल्यावर तो खरवडावा लागतो आणि खरवडताना आतले कण सांध्यांत ढकलले जातात.

मुक्कामी परतल्यावर पाय मिटलेले असले तरी पूर्ण उघडावेत, सांधे सैल करावेत आणि बादलीभर गोड्या पाण्यात थोडा वेळ बुडवून हलवावेत. किनाऱ्यावरील विहिरींचे पाणी पुष्कळदा मचूळ असते, म्हणून शेवटची धुणी पिण्याच्या पाण्याने करावी. वरचे डोके मात्र बुडवू नये. ओल्या फडक्याने पुसावे. मग उघड्या स्थितीत रात्रभर सावलीत वाळू द्यावे.

करकर थांबली नाही तर पिळाचे सांधे खोलावेत. एका वेळी एकच पाय खोलावा, म्हणजे आतील प्लॅस्टिकच्या पट्ट्या कशा बसतात हे उरलेल्या दोन पायांवरून पाहता येते. सुटे भाग वर्तमानपत्रावर काढलेल्या क्रमाने मांडावेत आणि आटे जुन्या दात घासण्याच्या ब्रशने घासावेत. वंगण म्हणून खोबरेल वापरू नये; थंडीत ते गोठते आणि एरवी वाळूला चिकटवून ठेवते. रॉकेलने प्लॅस्टिक बिघडण्याचा संभव असतो. आट्यांपुरता ग्रीसचा पातळ हात द्यावा. नळी मात्र कोरडीच ठेवावी. तिला ग्रीस लागले तर पकड सुटते आणि पाय पुन्हा घसरू लागतो.