‘सगळं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्यांना काय काय बघू द्यावं?



गेल्या रविवारी अभिषेक झाल्यावर मंदिराच्या पायरीवर बसलो होतो. एक काकू सांगत होत्या, त्यांच्या मळ्याचं प्लॉटिंग करायचं ठरलंय. “एका कंपनीला देऊन टाकतोय बाई सगळं. मोजणीपासून विक्रीपर्यंत तेच बघणार. आपल्याला फक्त सह्या करायच्या.” बाकीच्या म्हणाल्या, बरं झालं, डोक्याचा ताप गेला. मी तिथं गप्प बसले, कारण विषय पायरीवर बसून संपणारा नव्हता. म्हणून आज लिहितेय.

आधीच सांगते, कंपनी नेमावी याच मताची मी आहे. आमच्या घरानं एक वर्ष स्वतः धडपडून बघितलंय.

आमची जमीन तीन एकर आठ गुंठे, म्हणजे 128 गुंठे. गावाची वस्ती वाढत वाढत बांधाला येऊन टेकली होती. मामंजी गेल्यावर वारसनोंदीत पाच नावं लागली: सासूबाई, आमचे हे, भाऊजी आणि दोन्ही वन्सं. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच हक्क देणारी 2005 ची दुरुस्ती ज्या हिंदू वारसा कायद्यात झाली, तो आपल्या जैनांनाही लागू आहे. हे अजून कितीतरी घरांत माहीत नसतं, किंवा माहीत असून बोललं जात नाही. आमच्याकडेही ‘वन्संकडून हक्कसोड घेऊ’ असा सूर निघाला होता. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “लेकींनी मागितलं नाही, म्हणजे दिलं असं होत नाही.” विषय तिथंच संपला.

मग ह्यांची आणि भाऊजींची पळापळ सुरू झाली. भूमी अभिलेखकडे मोजणी आणि हद्दीच्या खुणा, झोनचा दाखला, रेखांकनाची तात्पुरती मंजुरी, मग रस्ते, गटारी, पाणी, विजेचे खांब. त्यानंतर अंतिम मंजुरी, बिनशेतीचे कागद, आणि शेवटी कमी-जास्त पत्रक होऊन प्रत्येक प्लॉटचा वेगळा उतारा. एक कागद अडला की पुढचे सगळे अडतात. ह्यांचं दुकान सुटलं, भाऊजींच्या रजा संपल्या. ‘मागच्या वेळी मी गेलो होतो, आता तू जा’ यावरून दोघा भावांत जे बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पंगतीला एकमेकांशेजारी बसणारी माणसं चार महिने फोनवर हिशेबापुरतं बोलत होती. तेव्हा मीच ह्यांना म्हटलं, पैसे जाऊ देत, पण हे काम ज्यांना येतं त्यांच्याकडे द्या.

दुसरी वाट, म्हणजे मंजुरीच्या भानगडीत न पडता गुंठा गुंठा स्टॅम्पपेपरवर विकणं, ती आम्हाला नकोच होती. सांगलीच्या गुंठेवारी वसाहती आपण सगळ्यांनी पाहिल्यात. सखल जागेत तुकडे विकले गेले, धड रस्ता नाही, गटार नाही. 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, पण साचलेलं पाणी काही कायद्यानं वाहून जात नाही. ते घेणाऱ्या माणसाच्या उंबऱ्यातच राहतं.

तर कंपनी आली. नकाशा काढणारा, वकील, रस्त्याचा ठेकेदार, विक्रीची माणसं, सगळं त्यांचंच. बोलणं गोड, फाईल गुळगुळीत. आणि त्या फाईलमध्ये होतं कुलमुखत्यारपत्र.

दोघे भाऊ सही करायला तयारच होते. धाकट्या वन्सं शाळेत शिकवतात, त्यांना कागद शेवटपर्यंत वाचायची सवय आहे. त्यांनी सोफ्यावर बसून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. कार्यालयांत अर्ज करणे, ठीक. मोजणीला हजर राहणे, ठीक. पुढं होतं: प्लॉटची विक्री करणे, मोबदला स्वीकारणे, रेखांकनात बदल करणे, आणि हे पत्र रद्द करता येणार नाही. वन्संनी चष्मा काढला आणि विचारलं, “दादा, मग आपल्याकडे काय राहिलं?” कोणी उत्तर दिलं नाही. भाऊजी चिडले, म्हणाले आता बायका कायदा शिकवणार. चिडले ते बरंच दिवस.

मला त्या रात्री जपाच्या माळेचा हिशेब आठवत होता. 108 मणी का, हे आपल्याला लहानपणीच पाठशाळेत शिकवलेलं असतं: संरंभ-समारंभ-आरंभ, मन-वचन-काया, कृत-कारित-अनुमोदना आणि चार कषाय, यांचा गुणाकार. त्यातला ‘कारित’ आपण पटकन म्हणून पुढं सरकतो. दुसऱ्याकडून करवलं तरी ते आपल्याच खाती जमा. कंपनीच्या माणसानं खोटा नकाशा दाखवून एखाद्या शिक्षकाला किंवा रिक्षावाल्याला प्लॉट विकला, तर ‘ते कंपनीनं केलं’ असं कुठल्या प्रतिक्रमणात म्हणणार?

गंमत म्हणजे सरकारचा कायदाही साधारण तेच म्हणतो. रेराच्या कायद्यात विक्रीसाठी जमिनीचे प्लॉट पाडणारा, मग त्यावर एक वीटही न रचो, प्रवर्तक ठरतो. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच कामावर खर्च करायचे. नोंदणीकृत करार करण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. कंपनी नुसतं व्यवस्थापन करणार असेल, तर या सगळ्याला जबाबदार जमीनवाले, म्हणजे आमच्या सासूबाई, वय वर्षं 74!

आम्ही अटी घातल्या आणि पहिली कंपनी निघून गेली. दुसरी आली ती महाग होती. भाऊजींनी आकडा ऐकून कपाळाला हात लावला. पण तिनं मान्य केलं ते असं. अधिकारपत्र फक्त कार्यालयीन कामापुरतं, हवं तेव्हा रद्द करता येणारं. प्रत्येक खरेदीखतावर आम्हा घरच्यांच्याच सह्या. खातं आमच्या नावावर आणि कंपनीचा मेहनताना टप्प्याटप्प्यानं: मोजणी झाली, हप्ता, तात्पुरती मंजुरी, हप्ता, रस्ता-गटार, हप्ता. विक्रीच्या टक्केवारीवर मेहनताना मी तरी कधीच देणार नाही. टक्केवारीवर काम करणाऱ्याला प्लॉट लवकर खपण्यात रस असतो, गटार खोल करण्यात नसतो.

एक अट माझी होती. चातुर्मासात माती हलवायची नाही. त्यांच्या इंजिनिअरला वाटलं हे धार्मिक खूळ. पण काळ्या मातीत पावसात रोलर फिरवून रस्ता टिकतो का, असं मीच त्याला विचारलं, तेव्हा तो हसला. उलट त्या चार महिन्यांत आम्ही पाणी कुठून येतं आणि कुठं साचतं ते बघितलं. खालच्या कोपऱ्यात गुडघाभर तळं होत होतं. नकाशात तिथं सात प्लॉट होते. आता तिथं खुली जागा आहे. नियमानं 10 टक्के खुली जागा सोडावीच लागते, आमच्या जमिनीत ती जवळपास 13 गुंठे. ती आधी विहिरीपाशी दाखवली होती, म्हणजे विहीर वाचणार होती. आता तळ्याचा कोपरा वाचवला तर विहीर गेली. मामंजींनी खोदलेली. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, आणि मी अजूनही सांगू शकत नाही की आम्ही बरोबर केलं का.

रस्त्यांना 32 गुंठे गेले. उरले 83. ‘एकराला इतके’ असं सांगत येणारा दलाल या वजाबाकीबद्दल कधी बोलत नाही, म्हणून मुद्दाम आकडे दिले. आणि कराचं सीएला आधी विचारा. शेती म्हणून विकलेल्या जमिनीचा हिशेब वेगळा, प्लॉट पाडून विकलेल्याचा वेगळा.

काकूंना मी संध्याकाळी फोन केला. विचारलं, उताऱ्यावर तुमचं नाव आहे का? म्हणाल्या, बघावं लागेल. करारातलं काही वाचलंय का? म्हणाल्या, मुलगा वाचतो ना. बुधवारी त्या कागद घेऊन आमच्याकडे येणार आहेत. धाकट्या वन्संनाही मी बोलावलंय, चष्म्यासकट.