वेगाचा दंड आणि विम्याची विस्मृती

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै 2024 मध्ये 'आयटीएमएस' ही कॅमेऱ्यांची यंत्रणा कार्यान्वित झाली आणि वाहनमालकांच्या मोबाइलवर ई-चलानचे संदेश येऊन थडकू लागले. सपाट भागात मोटारीला ताशी 100 किलोमीटरची मर्यादा, घाटात ती बरीच कमी. शिवाय ही यंत्रणा दोन ठिकाणांमधील सरासरी वेगही मोजते. त्यामुळे कॅमेरा दिसताच ब्रेक दाबायचा आणि तो मागे पडताच पुन्हा वेग घ्यायचा, ही जुनी हातचलाखी येथे फारशी चालत नाही.

चलान आल्यावर सुशिक्षित वाहनमालक दोन गोष्टींची चौकशी करतो : रक्कम किती आणि लोकअदालत कधी. आपल्या परवान्यावर याची काही नोंद राहील काय, पुढच्या वर्षी विम्याचा हप्ता वाढेल काय, हे प्रश्न सहसा त्याच्या मनात येत नाहीत. त्यात त्याची चूक नाही. व्यवहारात या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बव्हंशी 'नाही' असेच आहे.

कायद्यात मात्र तसे नाही. 1 सप्टेंबर 2019 पासून अमलात आलेल्या सुधारित मोटार वाहन कायद्याने वेगमर्यादा ओलांडणाऱ्या हलक्या वाहनाचा दंड 1 हजार ते 2 हजार रुपये केला. मध्यम व अवजड प्रवासी वा मालवाहू वाहनांसाठी तो 2 हजार ते 4 हजार रुपये आहे. महाराष्ट्राने ही वाढ सुरुवातीला रोखून धरली होती. तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी तीव्र नापसंती व्यक्त केली होती आणि राज्यात वाढीव दर लागू व्हायला डिसेंबर 2021 उजाडला. दंडावर एवढी चर्चा झाली, पण त्याच कलमातील दुसऱ्या तरतुदीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हाच गुन्हा दुसऱ्यांदा घडल्यास चालकाचा परवाना जप्त करण्याची ती तरतूद आहे. त्याही आधी, 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने वेगमर्यादा मोडणाऱ्यांचे परवाने किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले होते. परंतु परवाना जप्त करायचा तर समोर चालक हवा. कमानीवरच्या कॅमेऱ्याला दिसते ती केवळ क्रमांकाची पाटी.

विम्याची कथा याहून विचित्र आहे. मोटारीच्या विम्याचे दोन मुख्य भाग असतात. त्रयस्थाला झालेल्या हानीसाठीचा, म्हणजेच 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा असून त्याचा दर सरकार ठरवते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीपर्यंत 3,416 रुपये आणि त्यापुढे 7,897 रुपये आकारणी ठरली. यात इंजिन मोजले आहे, ते चालवणारा नाही. भरधाव मोटारीचा सर्वाधिक धोका ज्या पादचाऱ्याला किंवा दुचाकीस्वाराला, त्याच्या भरपाईसाठीच्या हप्त्यात चालकाच्या वेगाला काहीच स्थान नसावे, हे अजबच म्हणायचे!

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. येथे 'नो क्लेम बोनस' आहे. दावा न केल्यास पहिल्या वर्षी 20 टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर 50 टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. पण ही सवलत दावा न करण्याची आहे, नीट चालवण्याची नव्हे. सोसायटीच्या आवारात उभ्या गाडीचा बंपर कोणीतरी ठोकला म्हणून दावा करणारा गृहस्थ सवलत गमावतो, तर दहा चलाने खिशात असलेला पण अद्याप कोठे न धडकलेला वीर ती राखून असतो.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना याच्या नेमका उलट अनुभव येतो. कॅलिफोर्नियात 1988 साली मतदारांनी 'प्रपोझिशन 103' मंजूर केले. त्यानुसार विमा कंपनीने मोटारीचा दर ठरवताना सर्वप्रथम चालकाचा सुरक्षिततेचा इतिहास पाहायचा, मग वर्षाकाठी होणारा प्रवास आणि त्यानंतर चालवण्याचा अनुभव. वेगाच्या साध्या गुन्ह्याला परवान्यावर एक गुण चढतो. ताशी 100 मैलांवर गेल्यास दोन. तीन वर्षांत एकाहून अधिक गुण झाले की 'उत्तम चालका'ला मिळणारी 20 टक्के सवलत हातची जाते. वाहतूक शाळेत हजेरी लावून तो एक गुण विमा कंपनीच्या नजरेआड करता येतो, पण ही मुभा 18 महिन्यांतून एकदाच. बारा महिन्यांत चार गुण झाले तर परवानाच धोक्यात येतो. दंडाची पावती फाडली की तेथे हिशेब संपत नाही, उलट सुरू होतो.

आपल्याकडे हा विचार झालाच नाही असे नव्हे. तेलंगणने 2017 मध्ये 24 महिन्यांत 12 गुण झाल्यास एक वर्ष परवाना निलंबित करण्याची पद्धत आणली. ती देशभर पसरली नाही. विमा नियामक 'इर्डाई'च्या कार्यगटाने जानेवारी 2021 मध्ये विम्यात 'वाहतूक नियमभंग हप्ता' हा पाचवा घटक जोडण्याची आणि त्याचा पहिला प्रयोग दिल्लीत करण्याची शिफारस केली. मद्यपान करून वाहन चालवल्यास 100 गुण, चुकीच्या जागी गाडी उभी केल्यास 10, अशी ती मोजपट्टी होती. दोन वर्षांतील गुणांवरून दुचाकीला 100 ते 750 आणि मोटारीला 300 ते 1,500 रुपये जादा हप्ता सुचवला होता. रक्कम फार नव्हती, पण विम्याला स्मरणशक्ती देण्याचा तो प्रयत्न होता.

त्यातील खरी अडचण रकमेची नव्हतीच. हा जादा हप्ता वाहनाच्या नोंदणीकृत मालकाने भरायचा होता, गाडी कोणीही चालवलेली असो. ब्रिटनमध्ये हा पेच कायद्याने सोडवला आहे. कॅमेऱ्याने गाडी टिपली की नोंदणीकृत धारकाला नोटीस जाते. गाडी कोण चालवत होते हे त्याने कळवायचे. न कळवल्यास त्याच्याच परवान्यावर सहा गुण चढू शकतात. वेगाच्या मूळ गुन्ह्याला किमान तीन, म्हणजे गप्प बसणे अधिक महाग पडते. तीन वर्षांत 12 गुण झाले की परवाना जाण्याची वेळ येते.

ही तरतूद मुंबईत जशीच्या तशी आणली तर काय होईल, याचा विचार मात्र करावा लागेल. येथे कित्येक मोटारी पगारी ड्रायव्हर चालवतात. विमानतळ गाठायची घाई मागच्या आसनावर असते, पाय पुढच्याचा असतो. नाव कळवण्याची सक्ती झाली तर प्रत्येक वेळी कोणाचे नाव जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. मालकाच्या विम्यात 1,500 रुपयांची भर पडेल, ड्रायव्हरची रोजीरोटी मात्र परवान्यावरच अवलंबून असते. म्हणून गुण चालकाला आणि हप्ता मालकाला, अशी दुहेरी नोंद लागेल; एकावरच भार टाकणारी पद्धत अन्यायाची होईल.

नोंद करायची तर ती विश्वासार्हही हवी. कर्नाटकाने फेब्रुवारी 2023 मध्ये थकीत चलानांवर 50 टक्के सूट जाहीर केली. आपल्याकडेही लोकअदालतीत तडजोडीची वाट पाहणारे कमी नाहीत. चुकीच्या पाटीवर निघालेल्या चलानाविरुद्ध दाद मागणे सोपे झाल्याखेरीज विमा कंपनीने त्यावरून दर ठरवणे योग्य होणार नाही. दुसरीकडे, 2022 या एका वर्षात देशात 1,68,491 जण रस्त्यांवर मरण पावले आणि त्यातील 71.2 टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. पोलिसांच्या नोंदीत 'अतिवेग' हा शिक्का सढळपणे मारला जातो हे खरे मानले, तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

तूर्त चालवण्याच्या पद्धतीनुसार हप्ता ठरणारी सोय एकच आहे. जुलै 2022 मध्ये 'इर्डाई'ने 'पे हाऊ यू ड्राइव्ह' या जोड-विम्याला परवानगी दिली. पण तो ऐच्छिक आहे, आणि बेदरकार चालक स्वतःहून वेग मोजणारे उपकरण गाडीत बसवून घेईल ही शक्यता कमीच. वाहनाला चिकटलेल्या जादा हप्त्यातून तर तो गाडी विकूनही सुटू शकेल. नो क्लेम बोनस जुन्या गाडीवरून मालकाबरोबर नव्या गाडीवर जातो. चलानांचा इतिहास जुन्या गाडीबरोबरच मागे राहील.