औषधाशिवाय एडीएचडी : मुलाचं लक्ष उडतं, की त्याला धरून ठेवणारं सगळंच सुटतं?

बारावीला चांगले मार्क, आणि डिग्रीच्या पहिल्याच सेमिस्टरला चार विषय राहिले. अशा मुलाचं निदान आपल्याकडे घरबसल्या होतं : मोबाइल. नाहीतर संगत. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण काही मुलं पुस्तक उघडून तीन तास बसतात, उठतात तेव्हा पान तेच असतं. मन लावून करायची त्यांची इच्छा असते, तरीही होत नाही. यातल्या काहींना एडीएचडी, म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर असू शकतो. इंटरनेटवर त्याबद्दल नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा की, औषधाशिवाय जमेल का?

आधी, हे आहे तरी काय?

हा मोबाइलमुळे आलेला नवा आजार नाही. इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती, तेव्हा रील्स नव्हत्या. मेंदूच्या विकासातच हा फरक असतो. लक्ष कुठे द्यायचं, किती वेळ द्यायचं आणि कधी काढून घ्यायचं, यावरचा ताबा कमी पडतो. म्हणूनच हाच मुलगा क्रिकेटच्या मॅचचा चेंडू न चेंडू सांगतो आणि थर्मोडायनॅमिक्सच्या एका गणितापाशी अडतो. घरचे यालाच 'मनात आणलं तर करतो' म्हणतात. अन्याय इथूनच सुरू होतो.

निदानाच्या अटी मात्र कडक आहेत. डॉक्टर वापरतात त्या डीएसएम-५ या निकषांनुसार सतरा आणि त्यापुढच्या वयात लक्ष न लागण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी किमान पाच खुणा किमान सहा महिने दिसायला हव्यात. त्यातल्या काही बारा वर्षांच्या आतच दिसलेल्या असाव्यात आणि घर-कॉलेज अशा किमान दोन ठिकाणी त्रास व्हायला हवा. म्हणजे परीक्षेच्या आठवड्यात लक्ष लागेना, हा एडीएचडी नव्हे. इन्स्टाग्रामवरची 'ही दहा लक्षणं' वाचून झालेलं निदानही नव्हे. झोप कमी होणं, चिंता, नैराश्य, थायरॉइड यांनीही असंच होतं.

मुलींच्या बाबतीत उलटी गडबड होते. त्यांच्यात धावपळ, दंगा कमी आणि मनातल्या मनात हरवणं जास्त दिसतं. वर्गात कुणाला त्रास नाही, त्यामुळे कुणाचं लक्ष जात नाही. 'शांत आहे, जरा विसरभोळी आहे' एवढ्यावर दहावी-बारावी निघून जाते.

कॉलेजमध्येच का उघडं पडतं?

कनेरगाव नाक्याचंच उदाहरण घ्या. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड महामार्गावरचं, मराठवाडा आणि विदर्भाच्या सीमेवरचं हे गाव. इथला विद्यार्थी एका बाजूला हिंगोली आणि दुसऱ्या बाजूला वाशिम धरतो. हिंगोलीला गेला तर नांदेडचं विद्यापीठ, वाशिमला गेला तर अमरावतीचं. शाळेत असताना त्याचा दिवस दुसरेच कुणीतरी बांधून देत असतात. आई उठवते, एसटीची वेळ ठरलेली, सर वही तपासतात, संध्याकाळी ट्यूशन. या बाहेरच्या कुंपणात एडीएचडी असलेलं मूलही बरंच निभावून नेतं.

मग ते नांदेडला, संभाजीनगरला किंवा पुण्याला होस्टेलवर जातं आणि कुंपण एका दिवसात नाहीसं होतं. हजेरीची काळजी सेमिस्टरच्या शेवटी, सबमिशनची आदल्या रात्री. (इंजिनीअरिंग केलेल्या कुणालाही ती रात्र ठाऊक आहे. फरक एवढाच की बाकीच्यांची ती एक रात्र असते, याचं अख्खं सेमिस्टर तसं जातं.) बिघाड मुलात नव्याने आलेला नसतो, आधार निघून गेलेला असतो. औषधाशिवायचे जे उपाय खरोखर उपयोगी पडतात, ते बहुतेक सगळे हे कुंपण पुन्हा उभं करण्याचे आहेत.

औषध 'नको' की 'मिळत नाही'?

शहरातल्या चर्चेत 'औषधाशिवाय' ही निवड असते. इथे ती अनेकदा परिस्थिती असते. एडीएचडीवरचं प्रमुख औषध मिथाइलफेनिडेट हे शेड्युल एक्समध्ये येतं. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते आणि वेगळा परवाना लागतो. त्यामुळे गावातल्या, तालुक्यातल्या साध्या मेडिकलवर ते मिळेल याचा भरवसा नाही. अ‍ॅटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाला इतके निर्बंध नाहीत, पण त्यासाठीही मानसोपचारतज्ज्ञ गाठावा लागतोच.

औषधाला वाईट ठरवून मात्र चालणार नाही. 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त २०२५ मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणात प्रौढांवरच्या ११३ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. मूळ लक्षणं कमी झाल्याचं रुग्ण आणि डॉक्टर दोघांनीही सांगितलं, असे उपचार दोनच निघाले : उत्तेजक गटातली औषधं आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन. विचार-वर्तन उपचारपद्धती, माइंडफुलनेस वगैरेंचा फायदा डॉक्टरांना दिसला, रुग्णांच्या स्वतःच्या नोंदींत तितका उमटला नाही. दुसरीकडे, ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की प्रौढांच्या बाबतीत आधी भोवतालात बदल करून पाहा, त्यानंतरही लक्षणीय अडचण उरली तर औषध द्या. मला ही मांडणी पटते. सुरुवात भोवतालापासून, पण औषधाचा दरवाजा बंद न करता. चालू असलेलं औषध मात्र लेख वाचून थांबवू नका.

मग रोज करायचं काय?

आपल्याकडे एक गोष्ट आधीच आहे, तिला आपण उपाय मानत नाही इतकंच : अभ्यासिका. स्पर्धा परीक्षांमुळे तालुक्या-तालुक्यात अभ्यासिका झाल्या आहेत. आजूबाजूला वीस जण मान खाली घालून बसलेले असले की आपणही बसतो. परदेशात एडीएचडी असलेले लोक यालाच 'बॉडी डबलिंग' म्हणतात, व्हिडिओ कॉलवर अनोळखी माणसाबरोबर बसून काम करतात. यावर भक्कम संशोधन अजून थोडंच आहे, पण खर्च कमी आणि अपाय काही नाही. अभ्यासिका नसेल तर एक मित्र पुरतो. त्याने शिकवायची गरज नाही, समोर बसलं म्हणजे झालं.

मोबाइल सायलेंट करून टेबलावर उलटा ठेवण्यात अर्थ नाही. तो दुसऱ्या खोलीत, नाहीतर अभ्यासिकेच्या लॉकरमध्ये. इच्छाशक्तीवर सोडलेली गोष्ट एडीएचडीत टिकत नाही, अंतरावर ठेवलेली टिकते.

वेळेचंही तसंच. 'आज युनिट तीन करतो' हे वाक्य या मेंदूला पकडता येत नाही. 'जेवण झालं, ताट ठेवलं, की लगेच पान ४० वरचं पहिलं गणित' हे पकडता येतं. 'अमुक झालं की तमुक' अशी आधीच बांधलेली गाठ काम सुरू करून देते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलं आणि त्याची अनेकदा तपासणी झाली आहे. पोमोडोरो पद्धतीतली २५ मिनिटं जड वाटली तर १० करा. फ्रान्चेस्को सिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने ती टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावर सुरू केली होती, त्यामुळे २५ हा आकडा काही शास्त्रवचन नाही. घड्याळ मात्र समोर दिसणारं हवं, मोबाइलमधलं नको.

तारखा डोक्यात ठेवू नका. सबमिशन, प्रॅक्टिकल, फॉर्म भरायची शेवटची तारीख हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि दोन दिवस आधीची खोटी 'शेवटची तारीख' मित्राला सांगून ठेवा.

झोप आणि व्यायाम ऐकून कंटाळा येतो, म्हणून थोडक्यात : एडीएचडीत झोपेचं घड्याळ पुढे सरकलेलं असणं नेहमीचं आहे, आणि अभ्यासाआधीच्या वेगवान चालण्याने किंवा धावण्याने काही काळ लक्ष बरं राहतं. पहाटे चारला उठवण्याचा घरचा हट्ट प्रत्येकाला लागू पडत नाही. 'स्मरणशक्ती वाढवा' छाप टॉनिकवर पैसे घालवू नका.

कॉलेजचं काय?

इथवरचा सगळा भार मुलावर टाकला, तो पुरेसा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही, अध्ययन अक्षमतेचं आहे. दोन्ही अनेकदा एकत्र असतात, त्यामुळे तपासणी करताना दोन्हींची मागा. परीक्षेतल्या सवलतीचा रस्ता तिथून जातो.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे. कोचिंग क्लासही यात येतात. तुमच्या कॉलेजात तो कोण आहे, कुठल्या खोलीत बसतो, हे प्राचार्यांना लेखी विचारता येतं. आणि मागच्या बाकावरच्या मुलाला पहिल्या बाकावर बसवणं, तोंडी सांगितलेली सबमिशनची तारीख फळ्यावर लिहिणं, यासाठी कुठल्याही निर्देशाची वाट पाहावी लागत नाही.

तपासणीसाठी लगेच पुणे-मुंबई गाठायची गरज नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सेवा असते. हिंगोली आणि वाशिम दोन्हीकडे २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयंही सुरू झाली आहेत. जाताना प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तकं सापडली तर सोबत घ्या. 'हुशार आहे पण लक्ष देत नाही' हा चौथीच्या बाईंचा शेरा डॉक्टरांच्या खूप कामाचा असतो. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.