खैरलांजीतून जात वगळली, तर उरते काय?

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलांना जमावाने हालहाल करून ठार मारले. याच हत्याकांडावरचा राजू मेश्राम यांचा 'खैरलांजीच्या माथ्यावर' हा चित्रपट २०१४ मध्ये आला. त्यावर बोलणे निघाले की एक शिकलेला मित्र हमखास म्हणतो, "जुन्या जखमा कशाला उकरता? तो तर शेतातल्या रस्त्याचा वाद होता."

मित्रा, बांधावरून भांडणे गावोगाव होतात. म्हणून कुणी जमावाने जाऊन घरच्या घर संपवतो का? जमाव एवढा निर्धास्त होतो, कारण समोरचे घर बौद्धांचे असते आणि ते मान वर करून जगत असते.

२००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी सुनावली. पण ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद दिली. ॲट्रॉसिटी तेव्हाही नाकारली गेली. खून सिद्ध झाला, जात मात्र निर्दोष सुटली!

म्हणून असे चित्रपट हवेत. त्यातल्या अभिनयावर, तंत्रावर खुशाल टीका करा. पण निकालपत्रात जे आले नाही, ते निदान पडद्यावर तरी नाव घेऊन आले पाहिजे. नुसती हळहळ आम्हाला नको.

भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये न्यायाची वाट पाहतच गेले. आता विसरलो, तर तो दोष आपला.

जय भीम!