सांडपाणी आजार आधी ओळखतं, पण गावात भुयारी गटार कुठे?

पावसाळा लागला की तालुक्याच्या बातम्यांत एक बातमी ठरलेली असते. अमुक गावात गॅस्ट्रोची लागण, रुग्ण ग्रामीण रुग्णालयात, आरोग्य पथक गावात दाखल. पथक पोहोचतं तोवर निम्मी आळी जुलाब-उलट्यांनी आडवी झालेली असते. पाण्याचा नमुना त्यानंतर घेतला जातो, टाकी त्यानंतर धुतली जाते, पाइपलाइनची गळती त्यानंतर शोधली जाते. म्हणजे साथ आली हे गावाला सांगतो तो पेशंट. त्याच्या आधी कुणीच सांगत नाही.

शहरांत ही खबर आता दुसऱ्या वाटेनेही काढली जाते. माणूस दवाखान्यात जायच्या आधी संडासला जातो. पोटाच्या आणि इतर बऱ्याच आजारांचे जंतू मैल्यातून बाहेर पडतात, काही वेळा तर त्रास सुरू व्हायच्या आधीपासून. हजारो घरांचं सांडपाणी एका नळातून प्रक्रिया केंद्रावर येतं. तिथून एक-दोन बाटल्या भरायच्या, बर्फाच्या पेटीत घालून प्रयोगशाळेत न्यायच्या. दर आठवड्याला असं केलं की जंतूचं प्रमाण वाढतंय की घटतंय ते दिसतं. कुणाचं रक्त घ्यावं लागत नाही, कुणाचं नाव लागत नाही. कोरोनाच्या काळात अहमदाबाद, बेंगळुरू, पुणे या शहरांत शास्त्रज्ञांनी हेच केलं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२५ मध्ये देशातल्या ५० शहरांत सांडपाण्यातून १० विषाणूंवर नजर ठेवण्याची योजना सांगितली. योजना चांगली आहे. पण यादी शहरांची आहे, आणि गावं तिच्यात नसण्याचं कारण समजून घ्यायला हवं. कारण ते केवळ सरकारी दुर्लक्षाचं नाही.

मुंबईच्या गटारात सापडलेला पोलिओ

हे तंत्र आपल्याकडे नवं नाही. मुंबईत २००१ पासून सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधला जातो. पोलिओचं गणित विचित्र आहे. साधारण २०० जणांना लागण झाली तर एखाद्यालाच कायमचा लुळेपणा येतो. बाकीच्यांना थोडा ताप येतो किंवा काहीच होत नाही, पण विषाणू त्यांच्या पोटातून बाहेर पडत राहतो. म्हणजे एक लुळं मूल दिसेपर्यंत विषाणू शेकडो घरं फिरून आलेला असतो. नुसती मुलं मोजून हा शत्रू कळत नव्हता, म्हणून गटार तपासलं गेलं.

देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्यासाठी रुग्ण नाहीत एवढं दाखवून भागलं नाही, सांडपाणीही स्वच्छ निघावं लागलं. इस्रायलच्या दक्षिण भागात २०१३ मध्ये याचा उलटा अनुभव आला. एकही मूल लुळं झालेलं नव्हतं, तरी गटारात पोलिओ सापडला. तिथल्या सरकारने रुग्णाची वाट न पाहता लाखो मुलांना डोस पाजले.

सिंहगड रस्त्यावर उशिरा कळलं

आता जवळचं उदाहरण. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात हातापायातली ताकद अचानक गेलेले रुग्ण वाढू लागले. आजार गुलेन बॅरे सिंड्रोम, लोकांच्या तोंडी जीबीएस. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काहींचा जीव गेला. बरेच रुग्ण नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यातले होते. कालपरवापर्यंत ही गावंच होती, नंतर महापालिकेत आली. विहिरीच्या पाण्यावर संशय गेला. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले.

यात एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. जीबीएस हा बहुतेक वेळा मागून येणारा आजार आहे. आधी पोट बिघडतं. ते बरं होतं, माणूस विसरूनही जातो. मग एक ते तीन आठवड्यांनी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते आणि पाय उचलेनासे होतात. म्हणजे पहिला पेशंट व्हेंटिलेटरवर गेला तेव्हा दूषित पाणी पिऊन दोन-तीन आठवडे उलटले असण्याची शक्यता होती. नेमके हेच दिवस हाती लागावेत म्हणून सांडपाणी तपासायचं असतं.

गावात बाटली भरायची कुठे?

इथेच अडचण सुरू होते. शहरात एका नळाखाली बाटली धरली की अख्खा वॉर्ड सापडतो. गावात प्रत्येक घराचा वेगळा शोषखड्डा, नाहीतर सेप्टिक टँक. मैला जिथल्या तिथे जिरतो, एकत्र येतच नाही. रस्त्याकडेच्या उघड्या गटारात येतं ते मोरीचं आणि भांड्यांचं पाणी. त्यात गोठ्याचं पाणी मिसळतं आणि शेजारी पोल्ट्री असेल तर तिचंही. कॅम्पिलोबॅक्टर कोंबड्यांच्या पोटात सर्रास असतो. त्यामुळे गटारात तो सापडला तरी माणसाकडून आला की कोंबडीकडून, हे सांगणं अवघड.

सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाडीतून नमुना घ्यावा, असं कुणी सुचवेल. साताऱ्यातलं वाई आणि नाशिकमधलं सिन्नर इथे टाक्या ठरावीक काळाने उपसून मैला प्रक्रिया केंद्रावर नेण्याची पद्धत बसली आहे. त्यासाठी ही दोन्ही गावं देशभर नावाजली गेली. पण टाकीतला गाळ काही वर्षांचा साठलेला असतो. या आठवड्यात गावात काय फिरतंय ते त्यातून कळत नाही.

मग जमण्यासारखं काय? जिथे बरीच माणसं रोज एकाच ठिकाणचा संडास वापरतात, तिथे टाकीत जाणारा ताजा मैला मिळू शकतो. आश्रमशाळा, मुलींचं वसतिगृह, ग्रामीण रुग्णालय, एसटी स्टँड. वारीच्या मार्गावर उभी राहणारी फिरती शौचालयं. आश्रमशाळेचं नाव आधी घ्यायला हवं, कारण तिथली मुलं वेगवेगळ्या पाड्यांवरून येतात आणि सुटीत तिथेच परततात. एका वसतिगृहाच्या नमुन्यातून दहा-पंधरा पाड्यांचा अंदाज लागू शकतो. पन्नास शहरांच्या यादीशेजारी तालुक्यातली अशी दोन-तीन ठिकाणं जोडणं काही अशक्य कोटीतलं काम नाही. नमुना थंड ठेवून वेळेत जिल्ह्याला पोचवायचा असतो. लसीच्या पेट्या त्याच रस्त्याने, बर्फातच, उलट दिशेने येतात.

अहवाल आल्यावर पुढे काय, हा खरा प्रश्न. ग्रामपंचायतीच्या पाण्याचा अनुभव समोर आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची पाहणी होते. लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. टीसीएल टाकायला जलसुरक्षक असतो, क्लोरीन आहे का ते पाहायला ओटी टेस्ट असते. गावातल्या बायकांना पाणी तपासायचे किट वापरायला शिकवलं आहे. तरीही व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचं पाणी साचतं. नळ बंद झाला, पाइपातला दाब गेला, की ते फुटक्या जोडातून आत ओढलं जातं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या हंड्यात येतं. हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं. माहिती आहे आणि दुरुस्ती नाही, अशा ठिकाणी आणखी एक अहवाल आला तर तोही फायलीतच जाणार. म्हणून नमुना घेण्याआधीच लिहून ठरवावं लागेल: अहवाल वाईट आला तर कोणत्या दिवशी टाकी रिकामी होईल, टँकर कोण पाठवेल, ओआरएसची पाकिटं कोणत्या आशाताईंकडे असतील.

आणखी एक धोका शहरात जाणवत नाही, गावात जाणवेल. लाखभर लोकांच्या सांडपाण्यात विषाणू सापडला तर बोट कुणाकडे दाखवता येत नाही. चाळीस घरांच्या वस्तीत सापडला तर संध्याकाळपर्यंत वस्तीचं नाव व्हॉट्सॲपवर फिरतं. आधीच ज्या वस्तीच्या पाण्याबद्दल आणि अंगणाबद्दल टोमणे मारले जातात, तिला नवा टोमणा मिळतो. त्यामुळे नमुना वस्तीनिहाय न घेता मोठ्या ठिकाणाचाच घ्यावा, आणि अहवाल ग्रामसभेत मांडताना बरोबर पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीचा आराखडाही असावा.

आणि तरीही काही माणसं या सगळ्यातून सुटतातच. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. पाच-सहा महिने तिथे बाया, पोरं, बैलं राहतात. बहुतेक ठिकाणी संडास नाही, पाणी मिळेल त्या विहिरीचं. त्यांच्या मैल्याचा थेंबही कुठल्या बाटलीत येणार नाही. कोपीतलं पोर जुलाबाने आजारी पडलं तर ते कळण्याची एकच सोय आहे: आशाताईंनी तिथवर जाऊन विचारणं. पण बऱ्याच तळांवर हे काम कोणत्या गावच्या आशाताईंचं, हेच ठरलेलं नसतं. कारण कोप्या एका गावच्या शिवारात, कारखाना दुसऱ्या तालुक्यात आणि मजुरांची नावं तिसऱ्याच जिल्ह्याच्या यादीत असतात.