रानटी कोण?

लांकडी धनुष्य म्हणजे वांकविलेली काठी व दोरी, त्यांत विद्या ती कसली, असें म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ आम्हांस वारंवार भेटतात. त्यांस आमचें एवढेंच विचारणें आहे कीं, आपण कधीं काठी वांकवून पाहिली आहे काय? वांकतांना तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आंतली दाबली जाते. ताण सोसला नाहीं कीं काठी तडकलीच! कॅलिफोर्नियांतील याही जमातीचा इशी हें पुरतें जाणून होता. जुनिपर झाडाच्या लांकडाच्या बाहेरच्या अंगास तो हरणाच्या कंडरांचे तंतू सॅमन माशाच्या कातडीच्या सरसानें चिकटवी. ताण त्यांनीं सोसावा. १९११ सालीं तो ओरोव्हिल गांवीं आला, तेव्हां वर्तमानपत्रांनीं त्यास रानटी ठरविलें. (त्याच्या जमातीची कत्तल ज्यांनीं केली, ते गोरे मात्र सुधारलेले!) ह्याच रानट्यापाशीं सॅक्स्टन पोप हा शस्त्रवैद्य धनुष्य करण्यास व त्यानें शिकार करण्यास शिकला. इशी १९१६ त क्षयानें वारला. पोपनें १९१८ त त्याची विद्या विद्यापीठाकडून छापवून घेतली. आमच्या गृहस्थांनीं भिल्लाच्या बांबूच्या कामठ्यास हंसण्यापूर्वीं सालीची बाजू त्यानें कोणीकडे ठेविली आहे, एवढें तरी पाहावें.