कायदा आणि आपण : अपघाताची नुकसानभरपाई आणि सहा महिन्यांची मुदत



४ फेब्रुवारी २०२४ चा रविवार होता. विहारातील वंदना आटोपली होती आणि माणसे दाराशी चपला शोधत होती. तेवढ्यात एक भगिनी पुढे आल्या. सोबत सासूबाई, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. म्हणाल्या, "दादा, एवढे कागद बघता का? सगळे म्हणतात केस चालू आहे. पण आम्हाला तर काहीच कळत नाही."

त्यांचे पती सेंटरिंगचे काम करीत. १९ ऑगस्ट २०२३ रोजी, शनिवारी, आठवड्याचा पगार घेऊन ते मोटारसायकलने घरी येत होते. मागून आलेल्या टेम्पोने धडक दिली. दवाखान्यात नेईपर्यंत सारे संपले होते. वय अवघे ३४. मागे पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई.

पिशवीत एफ.आय.आर.ची प्रत होती, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट होता, मृत्यूचा दाखला होता. आणखी एक स्टॅम्पपेपर होता. टेम्पोमालकाने पन्नास हजार रुपये देऊन प्रकरण "आपसात मिटवण्याचा" मजकूर त्यावर टाइप करून आणला होता. फक्त सही व्हायची होती. भावकीतली मंडळी म्हणत होती, मिळतेय ते घेऊन टाक, कोर्टात कोणाचे भले झाले आहे?

मी विचारले, "ताई, भरपाईचा दावा दाखल केला का?"

त्या म्हणाल्या, "गुन्हा दाखल झालाय ना, दादा."

आपल्या घराघरांत होणारी चूक हीच आहे. म्हणून आजचा लेख या विषयावर.

गुन्हा वेगळा, दावा वेगळा

अपघात झाला की पोलीस चालकावर गुन्हा नोंदवतात. तो खटला सरकार विरुद्ध चालक असा असतो. त्यात चालकाला शिक्षा होईल किंवा तो सुटेल. त्या खटल्यातून मृताच्या घरी दर महिन्याचे राशन येत नाही. नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे वेगळा अर्ज करावा लागतो. हे न्यायाधिकरण बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. अर्ज मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली होतो. गाडीचा मालक, चालक आणि विमा कंपनी यांना त्यात सामनेवाले करतात. पैसे बहुतेक वेळा विमा कंपनी भरते.

मुदतीचा घोळ कशामुळे?

वस्तीतील जाणती माणसे सांगतात, "अपघाताचा दावा कधीही करता येतो, त्याला मुदत नसते." ती खोटे बोलत नाहीत. त्यांना आठवतो तो कायदा एके काळी खरा होता. हा इतिहास थोडक्यात पाहू.

१९३९ च्या जुन्या कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती, पण योग्य कारण दाखवले तर उशीर माफ होत असे. १९८८ च्या कायद्यानेही सहा महिने ठेवले. उशिराचे कारण पटले तर जास्तीत जास्त बारा महिन्यांपर्यंत अर्ज घेता येई. पुढे १४ नोव्हेंबर १९९४ पासून ही मुदतच काढून टाकण्यात आली. त्यानंतर सुमारे सत्तावीस वर्षे मुदतीचे बंधन नव्हते.

२०१९ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तिचा हा भाग १ एप्रिल २०२२ पासून अमलात आला आणि सहा महिन्यांची मुदत परत आली. या वेळी उशीर माफ करण्याची तरतूदच ठेवलेली नाही. आजारी होतो, कागद मिळाले नाहीत, कोणी सांगितले नाही, यांपैकी कोणत्याही कारणाला कायद्याच्या शब्दांत जागा नाही.

या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, केवळ मुदत टळली या कारणावरून न्यायाधिकरणांनी व उच्च न्यायालयांनी दावे फेटाळू नयेत. ज्यांची मुदत उलटली आहे त्यांनी या आदेशाचा आधार घेऊन ताबडतोब वकिलाला भेटावे. परंतु अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निकाल नव्हे. कायद्याच्या पुस्तकात सहा महिने लिहिलेले आहेत. आपण सहा महिनेच धरून चालावे.

मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची?

अपघात ज्या दिवशी झाला त्या दिवसापासून. जखमी माणूस तीन महिने दवाखान्यात राहून वारला तरी मोजणी अपघाताच्या तारखेपासूनच धरावी. तेराव्याला किंवा पुण्यानुमोदनाला जमलेल्या नातेवाइकांपैकी एकाने तरी त्या दिवशी कॅलेंडरवर सहावा महिना शोधून खूण करावी.

आमच्या या भगिनींचे सहा महिने १९ फेब्रुवारी २०२४ ला भरत होते. त्या दिवशी शिवजयंतीची सुट्टी, आदल्या दिवशी रविवार. हाताशी दोन आठवडे होते, पण कोर्टाचे दिवस त्याहून कमी. सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी चालते, असे कायदा म्हणतो, पण घरच्या माणसाचा हक्क शेवटच्या दिवसावर कशाला टांगायचा?

पोलिसांचा अहवाल

नव्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याबाबत पोलिसांना स्पष्ट निर्देश दिले आहेत. हा अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरावा अशीही तरतूद आहे. तरीही त्यावर विसंबून घरी बसू नये. पोलीस ठाण्यात जाऊन अहवाल पाठवला का, कोणत्या तारखेला पाठवला, हे विचारावे. आणि आपला अर्ज आपण करावा.

पन्नास हजार की तीस लाख?

त्या भगिनींना मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. तो वाचकांनीही पाहावा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत भरपाई मोजण्याची रीत घालून दिली आहे.

महिन्याची मिळकत १५,००० रुपये धरा. स्वतःच्या हिमतीवर कमावणारा माणूस चाळिशीच्या आत असेल तर पुढे वाढणाऱ्या मिळकतीपोटी ४० टक्के मिळवतात. झाले २१,०००. घरात अवलंबून असलेली माणसे चार, म्हणून मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. राहिले १५,७५०. वर्षाचे झाले १,८९,०००. वय ३१ ते ३५ असेल तर त्याला १६ ने गुणतात. उत्तर येते ३०,२४,०००. अंत्यविधीचा खर्च वगैरे त्याशिवाय.

प्रत्येक प्रकरणात इतकेच मिळेल असे नाही. मिळकत सिद्ध व्हावी लागते, चूक कोणाची हे पाहिले जाते, दोघांची चूक असेल तर रक्कम कमी होते. तरी पन्नास हजारांच्या कागदावर सही करण्यापूर्वी हा हिशेब डोळ्यांपुढे असावा.

रोजंदारीच्या माणसाकडे पगारपत्रक नसते. म्हणून खचू नये. मुकादमाची किंवा ठेकेदाराची साक्ष, बँकेचे पासबुक, बांधकाम कामगार म्हणून केलेली नोंदणी, हे सारे उपयोगी पडते. घर सांभाळणाऱ्या बाईचा अपघातात मृत्यू झाला तर "ती कुठे कमवत होती?" असे विचारणारे भेटतात. घरकामालाही मोल आहे आणि त्याची भरपाई मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा बजावून सांगितले आहे.

चूक सिद्ध करता येत नसेल तर

कलम १६४ खाली, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. मात्र सावध राहा. विमा कंपनीकडून या कलमाची रक्कम तडजोडीने स्वीकारली तर कलम १६६ चा मोठा दावा संपतो. कंपनीचा माणूस घरी फॉर्म घेऊन आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

धडक देऊन गाडी पळून गेली आणि तिचा पत्ताच लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेखाली मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी अपघात जेथे झाला तेथील प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात अर्ज करावा.

आपलीच मोटारसायकल घसरली तर?

समोर दुसरी गाडी नसेल तर मालकाच्या घरच्यांना कलम १६६ खाली स्वतःच्याच विमा कंपनीकडे दावा करता येत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. पॉलिसीत तो घेतला आहे का, हे आजच पाहा. त्याला चालकाचा वैध परवाना लागतो.

मागे बसलेल्याचेही ऐका. फक्त सक्तीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा असेल तर त्यात मागे बसलेला येत नाही. पूर्ण, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर येतो. अर्थात दुसऱ्या गाडीची चूक असेल तर मागे बसलेल्याला त्या गाडीच्या विमा कंपनीकडून भरपाई मागता येते.

कागद कोणते जमवावेत?

एफ.आय.आर., घटनास्थळाचा पंचनामा, दोन्ही गाड्यांची आर.सी. व विमा पॉलिसी आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती. मृत्यू झाला असेल तर मरणोत्तर पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट आणि मृत्यूचा दाखला. जखमी असेल तर दवाखान्याचे सर्व कागद, औषधांची प्रत्येक पावती आणि पुढे अपंगत्वाचा दाखला. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला, वारसांसाठी रेशनकार्ड व आधार. एखादा कागद कमी असला तरी दावा अडवून ठेवू नये. दावा आधी, राहिलेला कागद मागून.

दावा कुठे करावा, हेही सोयीचे आहे. अपघात जेथे झाला तेथे, किंवा आपण जेथे राहतो वा काम करतो तेथे, किंवा सामनेवाला जेथे राहतो तेथे. पुण्याजवळ अपघात झाला आणि घर नांदेडला असेल तर नांदेडला दावा करता येतो.

वकिलाला पैसे कोठून आणू?

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, स्त्रियांना, मुलांना, अपंगांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. बौद्ध बांधवांनी "आपण यात येत नाही" असे समजू नये. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचाही समावेश झालेला आहे. जातीचा दाखला जवळ ठेवावा. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याच्या कोर्टात समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

लोकअदालतीत तडजोड लवकर होते, हे खरे. पण तेथील निवाड्यावर अपील नसते. आकडा समजून घेऊनच सही करावी. न्यायाधिकरणाचा निकाल मान्य नसेल तर उच्च न्यायालयात अपिलासाठी ९० दिवस असतात. तीही तारीख लिहून ठेवावी.

शेवटी

त्या भगिनी दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, विधी सेवा कार्यालयात गेल्या. एका तरुण वकील भगिनीने काम हाती घेतले. टेम्पोच्या पॉलिसीची प्रत मिळवायला दोन चकरा झाल्या. १४ फेब्रुवारीला दावा दाखल झाला, मुदत भरायला पाच दिवस असताना. पत्नी, दोन मुले आणि आई, चौघेही अर्जदार आहेत.

आता भावकीतले काही जण विचारतात, पैसे आले तर घराचा स्लॅब टाकू या का? मी त्यांना सांगितले, न्यायाधिकरण मुलांच्या वाट्याची रक्कम बहुधा त्यांच्या नावाने बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायला लावते, आणि तेच योग्य आहे. तो पैसा मुलांच्या शिक्षणाचा आहे.

स्टॅम्पपेपर अजून त्या पिशवीत आहे. त्याच्यावर सही झालेली नाही.

वाचकांना एकच विनंती. आपल्या गल्लीत, नात्यात, कामाच्या ठिकाणी कोणाचा अपघात झाला असेल तर सांत्वनाला जाताना एवढे विचारा : अपघाताची तारीख कोणती, आणि दावा दाखल झाला का?

जय भीम.